मेमरी ७८ टक्के, प्रोसेसर १५ टक्के, तरीही संगणक अडखळतो: टास्क मॅनेजरमध्ये नेमके काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजचा संगणक, १६ जीबी मेमरी, आठ लॉजिकल प्रोसेसर (प्रोसेसरचे एकाच वेळी काम करू शकणारे भाग) आणि एक फिरती हार्ड डिस्क. काम करताना यंत्र मध्येच काही सेकंद अडखळते. अशा वेळी टास्क मॅनेजर (काय चालू आहे आणि काय किती वापरात आहे हे दाखवणारे विंडोजचे साधन) उघडला, तर मेमरी ७८ टक्के वापरात दिसते, प्रोसेसर १५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि डिस्क १०० टक्के दिसत असली तरी तिचा वेग मेगाबाइटभरही नसतो. मेमरी वाढवावी का, यांतला कोणता आकडा खरा मानावा आणि कोणती प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम किंवा त्याचा भाग) निर्धास्तपणे बंद करता येईल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या भागाचे उत्तर आधीच देतो: एवढ्या माहितीवर मेमरी विकत घेऊ नका. ७८ टक्के हा आकडा मेमरीचा किती भाग कामाला लागला आहे एवढेच सांगतो. त्यामुळे कोणाला थांबावे लागत आहे का, याविषयी तो काहीच सांगत नाही. आपली तक्रार मात्र थांबण्याची आहे. म्हणून प्रत्येक आलेखासमोर एकच प्रश्न विचारायचा: येथे काम कशासाठी तरी खोळंबले आहे का? या प्रश्नाचे उत्तर देणारे आकडे टास्क मॅनेजरमध्ये आहेत, पण ठळक अक्षरांतल्या टक्केवारीच्या खाली, बारीक अक्षरांत.

आधी साधनाविषयी थोडे. टास्क मॅनेजर विंडोज एनटी ४.० सोबत १९९६ मध्ये आला, विंडोज ८ मध्ये त्याचे रूप पूर्ण बदलले आणि ग्राफिक्स प्रोसेसरचा आलेख २०१७ च्या अखेरीस विंडोज १० च्या एका अपडेटने त्यात आणला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो थेट उघडतो. अडखळण सुरू झाल्यावर तो उघडण्याची धडपड करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तोवर पाहण्यासारखा क्षण निघून गेलेला असतो, आणि उघडतानाचा टास्क मॅनेजर स्वतःच थोडा वेळ प्रोसेसर व डिस्क वापरतो. कामाला बसतानाच तो उघडून परफॉर्मन्स टॅबवर ठेवावा आणि अडखळण ओसरल्यावर मागचा मिनिटभराचा आलेख पाहावा. प्रोसेसच्या यादीतील ओळी सारख्या वरखाली होत असतील, तर कंट्रोल कळ दाबून धरावी. जोवर ती दाबलेली आहे, तोवर आकडे थिजून राहतात आणि यादी शांतपणे वाचता येते. ही सोय अनेक वर्षे विंडोज वापरणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते.

आलेखावरचा प्रत्येक बिंदू ही एक सरासरी असते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. साधारण वेगावर टास्क मॅनेजर सेकंदाला एकदा आकडे घेतो. समजा, सर्व प्रोसेसर २०० मिलिसेकंद पूर्ण गुंतले आणि उरलेले ८०० मिलिसेकंद रिकामे राहिले, तर आलेखावर २० टक्के उमटतील, आणि टंकलेली अक्षरे पडद्यावर उशिरा उमटल्याचे आपल्याला मात्र स्पष्ट जाणवलेले असेल. मॅकवरील अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर तर मूळ मांडणीत पाच सेकंदांनी एकदा आकडे ताजे करतो, त्यामुळे तेथे असे झटके अधिकच बुजून जातात. अपडेट स्पीड वाढवता येतो, पण तो तपासणीपुरताच वाढवावा.

आता आपला १५ टक्क्यांचा आकडा. मला तो निरुपद्रवी वाटत नाही. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या यंत्रात एका प्रोसेसरचा पूर्ण वापर म्हणजे एकूण क्षमतेचा आठवा भाग, अर्थात १२.५ टक्के. बरेच प्रोग्रॅम आपले मुख्य काम एकाच थ्रेडमध्ये (एकामागून एक चालणाऱ्या सूचनांच्या एका धाग्यात) करतात, आणि असा थ्रेड एका वेळी एकाच लॉजिकल प्रोसेसरवर चालू शकतो; बाकीचे सात रिकामे असले तरी त्याला त्यांचा उपयोग नसतो. विंडोज ८ पासून हा आकडा काढताना प्रोसेसरचा त्या क्षणीचा वेगही हिशेबात धरला जात असे (विंडोज ११ मध्ये २०२५ च्या एका अपडेटने ही पद्धत बदलली), त्यामुळे जुन्या पद्धतीत मूळ वेगापेक्षा वर धावणाऱ्या प्रोसेसरवर १२.५ ऐवजी १४ किंवा १५ दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून अडखळण्याच्या वेळी आलेख १३ ते १५ च्या दरम्यान सपाट रेषेसारखा स्थिर राहत असेल, तर प्रोसेसर मोकळा आहे असे न मानता कोणता तरी एक थ्रेड आपल्या कमाल मर्यादेला पोहोचला आहे, असा संशय घ्यावा. आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरनिहाय आठ छोटे आलेख पाहता येतात, पण तेथे एक चौकोन पूर्ण भरलेला दिसेलच असे नाही, कारण विंडोज तो थ्रेड एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवत राहते आणि त्याचा भार सर्व चौकोनांत विखुरतो. त्यामुळे चौकोनांपेक्षा एकूण आकड्याचा सपाटपणा अधिक बोलका असतो.

दुसऱ्या प्रणालींवर हाच हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडला जातो. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एका कोअरचा पूर्ण वापर म्हणजे १०० टक्के, त्यामुळे एखाद्या प्रोसेसपुढे ३५० टक्के दिसले तरी दचकण्याचे कारण नाही. लिनक्सवरील ग्नोम सिस्टिम मॉनिटरच्या प्राधान्यक्रमांत, प्रोसेसचा आकडा प्रोसेसरांच्या संख्येने भागून दाखवायचा की नाही, हे आपल्याला ठरवता येते. दोन यंत्रांवरील आकड्यांची तुलना करण्याआधी ही पद्धत पाहून घ्यावी. आणि विंडोजच्या डिटेल्स टॅबमध्ये सर्वांत वर बसणारी सिस्टिम आयडल प्रोसेस ९० टक्के दाखवत असेल, तर तो प्रोसेसरच्या रिकामेपणाचा आकडा आहे. ती बंद करण्याचा प्रयत्न करू नये, ती बंद होतही नाही.

प्रोसेसरच्याच पानावर स्पीड (आत्ताचा वेग) आणि बेस स्पीड (मूळ वेग) असे दोन आकडे असतात. जड काम चालू असतानाही वेग बेस स्पीडच्या निम्म्याखालीच राहिला तर उष्णता किंवा वीजपुरवठा हे कारण असण्याची शक्यता मोठी असते: पंख्यात साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, लॅपटॉपला जोडलेला अपुऱ्या क्षमतेचा चार्जर. मॅकवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तेथे कर्नल टास्क नावाची (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) प्रोसेस भरपूर प्रोसेसर वापरताना दिसते, आणि तापलेल्या प्रोसेसरवर इतर प्रोग्रॅमांनी जादा भार टाकू नये म्हणून तिने तो वेळ अडवून ठेवलेला असतो. अशा वेळी गुन्हेगार प्रोग्रॅम यादीत शोधत बसणे व्यर्थ आहे.

मेमरीकडे वळू. विंडोजमधील इन यूज या आकड्यात फायलींचा कॅश (पुन्हा लागतील म्हणून मेमरीत ठेवलेल्या प्रती) धरलेला नसतो. तो कॅश्ड या शीर्षकाखाली वेगळा असतो, आणि त्यातील बहुतांश भाग एखाद्या प्रोग्रॅमने मागणी करताच रिकामा करून देता येतो. म्हणूनच अव्हेलेबल या आकड्यात पूर्ण रिकामी मेमरी आणि असा परत मिळण्याजोगा कॅश, दोन्ही मोजलेले असतात. ७८ टक्के वापर म्हणजे १६ पैकी सुमारे साडेतीन जीबी अजून उपलब्ध आहेत. एवढी मेमरी हाताशी असताना केवळ मेमरी अपुरी म्हणून यंत्र अडखळणे संभवत नाही. अव्हेलेबल हा आकडा काही शे मेगाबाइटवर उतरून तेथेच रेंगाळू लागला, तर गोष्ट निराळी.

लिनक्सवर रिकाम्या मेमरीचा आकडा वर्षानुवर्षे लोकांना घाबरवत आला आहे, कारण तेथे कर्नल उरलेली जवळजवळ सर्व मेमरी कॅशसाठी वापरून टाकते आणि ते योग्यच आहे. कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीपासून उपलब्ध मेमरीचा स्वतंत्र अंदाज मिळू लागला. पाहायचा तो तोच. अ‍ॅपलने मॅकच्या २०१३ च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीत हा गोंधळ वेगळ्या रीतीने सोडवला. मेमरी प्रेशर नावाचा आलेख हिरवा, पिवळा किंवा लाल होतो आणि किती भरले यापेक्षा किती ताण आहे हे सांगतो. माझ्या मते सर्वसामान्य वापरकर्त्यासाठी या तिन्ही प्रणालींमध्ये हीच मांडणी सर्वांत प्रामाणिक आहे.

मेमरीमुळे खरेच थांबावे लागत आहे का, हे पाहण्यासाठी रिसोर्स मॉनिटर उघडावा. रन खिडकीत resmon (रेसमॉन) असे इंग्रजी अक्षरांत लिहिले की तो सुरू होतो. त्याच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स या नावाचा रकाना आणि आलेख आहे. प्रोग्रॅमला हवे असलेले पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मेमरीत न सापडल्यामुळे डिस्कवरून आणावे लागले, असे सेकंदाला किती वेळा घडले ते तो दाखवतो. येथे एक खबरदारी घ्यावी. नवा प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या फायली प्रथमच मेमरीत येतात आणि तेव्हाही हार्ड फॉल्ट्स उसळतात. ती उसळी सामान्य आहे. एकही नवा प्रोग्रॅम न उघडता, केवळ आधीच उघडलेल्या दोन खिडक्यांत येजा करताना सेकंदाला शेकडो हार्ड फॉल्ट्स सतत दिसत असतील आणि त्याच वेळी अव्हेलेबल मेमरी तळाला गेली असेल, तर मेमरी वाढवण्याचा निर्णय निःशंकपणे घ्यावा. लिनक्सवर हाच नियम स्वॅपला (मेमरीतली पाने हलवून ठेवण्याच्या डिस्कवरील जागेला) लागू पडतो: स्वॅपमध्ये दोन जीबी पडून असणे ही चिंतेची बाब नाही, त्या दोन जीबींची सतत नेआण होणे ही आहे.

कमिटेड नावाचा आकडा मात्र बहुतेक जण पाहतच नाहीत. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर तो १४.२/१८.९ अशा जोडीने लिहिलेला असतो. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅमांना देण्याचे विंडोजने कबूल केलेली मेमरी. दुसरा म्हणजे प्रत्यक्ष मेमरी आणि पेजिंग फाइल (मेमरीतली पाने हलवून ठेवण्याची डिस्कवरील फाइल) यांची मिळून मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की नव्या मागण्या नाकारल्या जातात आणि प्रोग्रॅम अचानक बंद पडू लागतात, आणि हे घडताना इन यूजची टक्केवारी ७० असू शकते. पेजिंग फाइल बंद केल्यास संगणक वेगवान होतो असा सल्ला ऐकून ज्यांनी ती बंद केली आहे, त्यांच्याकडे हा प्रकार हमखास आढळतो. ती पुन्हा सुरू करून तिचा आकार विंडोजवर सोपवावा.

एखादा प्रोग्रॅम मेमरी गळती करतो आहे, म्हणजे घेतलेली मेमरी काम झाल्यावरही परत देत नाही, असा संशय असेल, तर मिनिटभराच्या आलेखातून काहीही कळणार नाही. डिटेल्स टॅबमधील रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून कमिट साइझ (कबूल केलेली मेमरी) आणि हँडल्स (प्रोग्रॅमने उघडून ठेवलेल्या फायली व इतर गोष्टींची संख्या) हे रकाने जोडावेत, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आकडे टिपून ठेवावेत. काम संपल्यावर आणि फायली मिटल्यावरही आकडा खाली न येता पायरीपायरीने चढतच राहत असेल, तर गळती आहे. सर्व प्रोसेसच्या मेमरीची बेरीज एकूण वापराशी जुळवण्याच्या फंदात पडू नये. काही पाने अनेक प्रोसेसमध्ये सामायिक असतात, काही मेमरी कर्नलची असते, आणि ती बेरीज कधीच जुळत नाही.

आपल्या वर्णनातील सर्वांत ठोस पुरावा डिस्कचा आहे, आणि खरे कारण तेथेच सापडेल असा माझा कयास आहे. डिस्क १०० टक्के असूनही वेग मेगाबाइटभर नाही, ही विसंगती वाटते, पण फिरत्या डिस्कच्या बाबतीत ती अगदी अपेक्षित आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा असलेला भाग हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो. हेड योग्य मार्गावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद लागतात. एका विनंतीला एकूण १२ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला सुमारे ८० विनंत्या पूर्ण होतील, आणि प्रत्येक विनंती चार किलोबाइटची असेल तर हाती येतात जेमतेम ३२० किलोबाइट. डिस्क त्या सेकंदात एक क्षणही रिकामी नसते. तीच डिस्क एखादी मोठी सलग फाइल वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइटहून अधिक देऊ शकते. वेगाचा आकडा पाहून डिस्क निवांत आहे असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते.

अ‍ॅक्टिव्ह टाइम म्हणजे किमान एक विनंती प्रलंबित असलेल्या वेळेचे प्रमाण. फिरत्या डिस्कबाबत तो १०० टक्क्यांवर टिकून राहणे ही अडचण असते. नव्या धाटणीच्या एनव्हीएमई एसएसडीबाबत (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कबाबत) तसे म्हणता येत नाही, कारण ती अनेक विनंत्या एकाच वेळी हाताळते आणि १०० टक्के दाखवत असतानाही तिच्यात बरीच क्षमता शिल्लक असू शकते. दोन्हींना सारखाच लागू पडणारा आकडा अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम हा आहे. एसएसडीवर तो साधारणपणे मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. फिरत्या डिस्कवर १० ते २० मिलिसेकंद ठीक आहेत. तो शंभराच्या पुढे जाऊन टिकला, तर विनंत्यांची रांग लागली आहे. आणि रांग लागण्याजोगे काम दिसत नसताना तो हजारांत जात असेल, तर डिस्क बिघडण्याच्या मार्गावर आहे असे समजून पुढची तपासणी करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्यावी.

रांग कोण लावते आहे, हे रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये दिसते. तेथे प्रोसेसच्या नावासोबत ती कोणती फाइल वाचते किंवा लिहिते आहे आणि त्या फाइलसाठी किती मिलिसेकंद लागत आहेत, हेही असते. त्या यादीत पेजफाइल (म्हणजे पेजिंग फाइल) सर्वांत वर असेल तर प्रश्न पुन्हा मेमरीकडे जातो. विषाणूरोधक प्रोग्रॅमची तपासणी, शोधासाठी चालणारी अनुक्रमणी (इंडेक्सिंग), विंडोज अपडेट किंवा क्लाउडशी फायली जुळवणारा प्रोग्रॅम वर असेल, तर त्यांच्या वेळा बदलणे पुरेसे होते. आपल्या यंत्रात विंडोज जर त्या फिरत्या डिस्कवरच असेल, तर मेमरीवर खर्च करण्यापेक्षा विंडोज एसएसडीवर हलवण्याचा परिणाम कितीतरी अधिक जाणवेल. लिनक्स वापरणाऱ्यांनी सिस्टिम मॉनिटरमधील स्थितीचा रकाना पाहावा. एखादी प्रोसेस अखंडनीय (मध्येच तोडता न येणाऱ्या) प्रतीक्षेत वारंवार दिसत असेल, तर ती बहुधा डिस्कसाठी किंवा नेटवर्कवरील फाइलसाठी थांबलेली असते. आणि अशा प्रोसेस तेथील लोड अ‍ॅव्हरेजमध्ये (चालू असलेल्या व खोळंबलेल्या प्रोसेसच्या सरासरी संख्येत) मोजल्या जात असल्यामुळे, प्रोसेसर रिकामा असूनही लोड मोठा दिसतो.

नेटवर्कच्या आलेखाविषयी एवढेच, की तो बिटांत असतो आणि डाउनलोडची खिडकी बाइटांत बोलते. १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट देते. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पानावर थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ डीकोड असे स्वतंत्र आलेख असतात आणि वरचा आकडा त्यांतील सर्वांत व्यग्र भागाचा असतो. व्हिडिओ पाहताना डीकोडचा आलेख सपाट राहून प्रोसेसर तापत असेल, तर ब्राउझरमधील हार्डवेअर प्रवेगाची (असे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवण्याची) सोय बंद आहे का ते पाहावे.

प्रोसेस बंद करण्याविषयी माझे मत कडक आहे. ज्या प्रोग्रॅमची खिडकी आपण स्वतः उघडली तो बंद करावा, तोही आधी त्याच्या स्वतःच्या बंद करण्याच्या मार्गाने. एंड टास्कने प्रोसेस सक्तीने संपू शकते, आणि तसे झाले की जतन न केलेले काम जाते. लिनक्सवर एंड आणि किल यांत फरक आहे: पहिल्यात प्रोग्रॅमला आवराआवर करण्याची संधी मिळते, दुसऱ्यात मिळत नाही, म्हणून नेहमी पहिला पर्याय आधी. नाव ओळखीचे नाही एवढ्या कारणावरून कोणतीही प्रोसेस संपवू नये. एसव्हीसीहोस्टच्या (विंडोजच्या पार्श्वभूमीतील सेवा चालवणाऱ्या प्रोसेसच्या) पन्नासेक ओळी दिसणे हे विषाणूचे लक्षण नाही. विंडोज १० च्या २०१७ मधील एका आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या यंत्रांवर बहुतेक सेवा स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवल्या जातात, म्हणून ती संख्या वाढलेली आहे. संशय असल्यास ओळीवर उजवी क्लिक करून फाइलचे ठिकाण उघडावे आणि तिची डिजिटल स्वाक्षरी पाहावी. याहून खोलात जायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस एक्सप्लोरर वापरावा. कोणती प्रोसेस कोणी सुरू केली, हे त्यात झाडाच्या फांद्यांप्रमाणे दिसते.

अडखळण दिवसातून एखाददुसऱ्या वेळीच होत असेल आणि प्रत्येक वेळी आलेख हुकत असेल, तर विंडोजच्याच परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डेटा कलेक्टर सेट (नोंदवायच्या मोजमापांचा संच) तयार करून आकडे फाइलीत नोंदवून घ्यावेत. मोजमापे चारच पुरेत: उपलब्ध मेगाबाइट, सेकंदाला डिस्कवरून आत आणलेली पाने, डिस्कवरील एका वाचनाला लागणारा सरासरी वेळ आणि प्रोसेसरचा वापर. नमुन्याचे अंतर मुळात १५ सेकंद असते. तीन-चार सेकंदांची अडखळण त्यात हरवेल, म्हणून ते एक सेकंदावर आणावे आणि नोंद एका दिवसापुरतीच चालू ठेवावी. वाचनाचा वेळ तेथे सेकंदांत नोंदला जातो, त्यामुळे ०.०२५ म्हणजे २५ मिलिसेकंद असे वाचावे. अडखळण झाली की घड्याळातील वेळ कागदावर लिहून ठेवावी. नंतर त्या वेळेच्या आसपासच्या नोंदींत वाचनाचा वेळ उसळलेला असून उपलब्ध मेमरी आणि आत येणारी पाने नेहमीसारखीच असतील, तर दोष डिस्कचा आहे. उपलब्ध मेमरी घसरल्यानंतर आधी पाने आणि मग वाचनाचा वेळ उसळला असेल, तर मेमरीचा. तिन्ही आकडे स्थिर असून केवळ प्रोसेसर १३ ते १५ टक्क्यांवर खिळलेला असेल, तर त्या वेळी कोणता प्रोग्रॅम पुढे होता ते पाहून त्याच्या सेटिंगमध्ये, पूरक जोडण्यांमध्ये किंवा नव्या आवृत्तीत उपाय शोधावा लागेल, कारण त्या परिस्थितीत नवी मेमरी किंवा नवी डिस्क यांपैकी कशानेही फरक पडणार नाही.